पहिले पिस्तूल

आमच्या घरात जवळजवळ चाळीस वर्षे बंदुकीचे नाव निघाले नव्हते. जत्रेत फुगे फोडण्याचा खेळ मांडलेला असे, त्याच्यापुढून जाताना आम्ही मुलांचे हात धरून पावले झपाझप उचलीत असू. मुलांना वाटे, बाबांच्या हातून पैसा सुटत नाही. खरे कारण निराळे होते. ते आमच्या धाकट्या बंधूच्या डाव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर, गव्हाच्या दाण्याएवढ्या व्रणाच्या रूपाने लिहिलेले होते. आणि ते वाचता येणारी माणसे साऱ्या जगात दोनच होती, तो आणि आम्ही.

असे असता, ज्या वस्तूकडे पाहावयाचेही नाही असे मनाशी ठरविले होते, तीच वस्तू पारखून, निवडून, स्वतःच्या हातांनी घरी आणण्याचा प्रसंग आमच्यावर आला. तो कसा आला आणि त्यातून आम्ही काय शिकलो हे सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच. आपल्या खेड्यापाड्यांतील मुलेमुली आता नेमबाजीकडे वळू लागली आहेत. आमच्या चुका त्यांच्या आईबापांच्या उपयोगी पडल्या तर आम्हांस आनंदच वाटेल.

आरंभ झाला तो २०२४ सालच्या २८ जुलैला. रविवार होता. मिस्सा आटोपून, जेवणे उरकून घरची मंडळी दूरचित्रवाणीपुढे बसली होती. बाहेर खानापूर तालुक्यातला आषाढाचा पाऊस कोसळत होता. तिकडे पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत मनू भाकर या मुलीने दहा मीटर हवेच्या पिस्तुलाच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. तिचे गुण २२१.७ झाले, पुढे जाण्याची संधी अवघ्या एका दशांशाने हुकली. चारच दिवसांनी, १ ऑगस्टला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने पन्नास मीटर रायफलीच्या स्पर्धेत कांस्यपदक पटकाविले. राधानगरी तालुक्यातले ते गाव आम्हा बेळगावकडच्या लोकांना काही परदेश नव्हे. २०१० साली म्यूनिक येथे जागतिक विजेतेपद मिळविणारी तेजस्विनी सावंत आणि २०१८ च्या आशियाई सामन्यांत पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकणारी राही सरनोबत, ह्या दोघीही कोल्हापूरच्याच. तेव्हा हा वारा आमच्या उंबऱ्याशी येऊन ठेपला यात नवल ते काय?

आमची कन्या त्या वेळी सतरा वर्षांची होती. बेळगावच्या महाविद्यालयात एन.सी.सी.मध्ये असल्यामुळे लहान रायफलीच्या पाच-दहा फैरी तिने झाडल्या होत्या. त्या सायंकाळी ती म्हणाली, "बाबा, मला पिस्तूल शिकायचं आहे."

आमची मंडळी चुलीपाशी होती. तिने तेथूनच निकाल दिला, "घरात कोयता आहे, कुऱ्हाड आहे, तेवढं पुरे की."

आम्ही काहीच बोललो नाही. त्या मौनाचा अर्थ मंडळींनी नकार असा घेतला आणि मुलीने काटकसर असा घेतला. दोघींचेही चुकले होते.

पुढच्या आठवड्यात आमचे मेव्हणे आले. मराठा पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले हे गृहस्थ साऱ्या गावाचे सुभेदारमामा आहेत. भाचीने त्यांना गाठले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि आम्हांला म्हणाले, "दाजी, पोरीला तीन महिने रेंजवर जाऊ दे. तिथलंच पिस्तूल वापरू दे. विकत घ्यायचं ते शेवटी." इतका शहाणपणाचा सल्ला इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच मिळतो, आणि म्हणूनच की काय, आम्ही तो मानला नाही.

झाले असे की, एका शनिवारी कामानिमित्त शहरात गेलो असता आम्ही एकटेच एका दुकानात शिरलो. दुकानदाराने मखमलीवर ठेवलेले एक काळेभोर पिस्तूल काढले. हुबेहूब पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेला असते तसे. मुठीत वायूची लहानशी कुपी बसते आणि त्यातून पोलादाच्या गोळ्या सुटतात, असे त्याने सांगितले. लिहिण्यास लाज वाटते, पण ते हातात घेताच आमची छाती अर्धा इंच पुढे आली. ज्या वस्तूची चाळीस वर्षे धास्ती घेतली, तिनेच क्षणभर भुरळ घातली. मुलीला एकदम नेऊन द्यावे, चकित करावे, असा विचार करून आम्ही पाचशे रुपये विसार देऊन बसलो.

सुभेदारांना हे कळले तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "दाजी, ते दिसायला पिस्तूल आहे, नेमाचं नाही. त्याची माशी सरकत नाही, मूठ सर्वांना एकच, आणि स्पर्धेत ते चालत नाही. तिथं शिशाचे मऊ छर्रे लागतात. शिवाय पोलादाची गोळी कठीण जागी लागली की परत येते."

परत येते. हे दोन शब्द ऐकून आमच्या हातातला चहाचा पेला हिंदकळला. विसाराचे पैसे बुडाले ते बुडाले. त्याहून स्वस्तात धडा मिळाला नसता.

मग मात्र आम्ही सुभेदारांच्या मागे मुकाट्याने नेमबाजी केंद्रावर गेलो. केंद्र म्हणजे काही भव्य वास्तू नव्हती. पत्र्याची लांबट खोली, दहा मीटरांवर ओळीने टांगलेली कागदी लक्ष्ये, आणि आत एखाद्या ग्रंथालयासारखी शांतता. शिक्षकांनी प्रथम आमच्या हाती एक कोरे लक्ष्य दिले. चौरस, १७ सेंटिमीटर बाजूचे. मध्ये सहा सेंटिमीटरांहून किंचित लहान काळा गोल. त्याच्या पोटात दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरांचे, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या सुमारे निम्म्या रुंदीचे. दहा मीटरांवरून, उभे राहून, कशाचाही आधार न घेता, एका हाताने धरलेल्या पिस्तुलाने त्यात ४.५ मिलिमीटरांचा छर्रा घालावयाचा. पॅरिसच्या सामन्यांत साधा चष्मा घातलेले, एक हात खिशात ठेवून नेम धरणारे तुर्कस्तानचे युसुफ डिकेच यांचे छायाचित्र वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. लोकांना ती ऐट वाटली. वस्तुतः हा खेळच एका हाताचा. दुसरा हात लुडबुडू नये म्हणून तो खिशात किंवा कमरपट्ट्यात अडकवून ठेवण्याची सर्वच नेमबाजांची रीत आहे.

कायद्याची शंका आम्ही आधीच विचारून घेतली, कारण घरात शस्त्र म्हटले की खेड्यात पहिली भीती फौजदाराची. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालील २०१६ चे नियम लागू आहेत. ज्या हवेच्या शस्त्राची नळी ४.५ मिलिमीटरांहून रुंद नाही आणि ज्याची शक्ती २० ज्यूलांच्या वर जात नाही, त्याला परवाना लागत नाही. विक्रेता ओळखीचा व पत्त्याचा दाखला घेऊन नोंद करतो. स्पर्धेच्या हवेच्या पिस्तुलाची शक्ती पाच-सहा ज्यूलच असते. दारूची काडतुसे उडविणाऱ्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी. त्याला रीतसर परवाना हवा, आणि पहिल्या पिस्तुलाच्या वेळी त्याचा विचार मनात आणण्याचे कारणच नाही.

पुढचे तीन महिने मुलगी दर शनिवारी केंद्रावर जाई आणि आम्ही बाकावर बसून पाहत असू. या बैठकींत आम्हांला जे ज्ञान झाले, ते असे.

हवेच्या पिस्तुलांच्या मुख्य जाती तीन. पहिली स्प्रिंगची. नळी मोडून स्प्रिंग ताणावयाची. चाप ओढला की आतला दट्ट्या धावत सुटतो, हवा दाबतो आणि छर्रा जातो. ही स्वस्त आणि टिकाऊ. परंतु छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच दट्ट्याचा धक्का हाताला बसतो. शिकाऊ माणसाला चूक आपली की पिस्तुलाची, हे कळत नाही. (हा धक्का नाहीसा करण्यासाठी जर्मनीतील फाइनवेर्कबाऊ कंपनीने १९६० नंतरच्या दशकात एक नामांकित पिस्तूल काढले होते. त्यात सारा वरचा भाग रुळावरून मागे सरकत असे.) दुसरी जात एका दाबाची. बाजूची किंवा वरची दांडी एकदा उघडून मिटावयाची, की ठरावीक हवा दाबून बसते. प्रत्येक वेळी दाब तोच, धक्का जवळजवळ नाही, टाकी भरण्याची यातायात नाही. उणीव एवढीच की दर नेमाला दांडी ओढावी लागते आणि साठ नेमांच्या फेरीत दंड भरून येतात. तिसरी जात टाकीची. नळीखाली लहान सिलिंडर असतो, त्यात सुमारे २०० बार दाबाने हवा भरलेली. शंभराहून अधिक नेम सहज होतात. ऑस्ट्रियाचे श्टायर, स्वित्झर्लंडचे मोरिनी, इटलीचे पार्दिनी, जर्मनीचे वॉल्थर, असली पिस्तुले मोठ्या सामन्यांत दिसतात ती याच जातीची. त्यांच्या किमती लाखाच्या पुष्कळ पुढे जातात. शिवाय या सिलिंडरावर तारीख कोरलेली असते आणि दहा वर्षांनंतर तो स्पर्धेत चालत नाही. जुने पिस्तूल घेणाऱ्याने लाकडाची चकाकी पाहण्यापूर्वी ही तारीख पाहावी.

आम्हांला वाटले, आता जातच ठरवावयाची राहिली. शिक्षक म्हणाले, "गुरुजी, आधी हात बघा."

आम्ही शाळामास्तर. विद्यार्थ्याच्या हाताकडे पाहून लेखणी निवडावी हे आम्हांला ठाऊक असावयास पाहिजे होते. पण पिस्तुलाची मूठ ही चपलेसारखी असते, हे आम्ही तेथे शिकलो. लहान, मध्यम, मोठी अशी तिची मापे असतात, डावखुऱ्याची वेगळी. आम्ही आमच्या रुंद पंजाने जे पिस्तूल "छान बसते" म्हणून पसंत केले होते, ते मुलीच्या हातात सैल पडून वळत होते. बाप मापाने चप्पल घेतो आणि पाय मुलीचा भाजतो, त्यातलाच प्रकार!

पारख अशी करावयाची. पिस्तूल रिकामे आहे याची स्वतः खात्री करून घ्यावी. लक्ष्याच्या दिशेला उभे राहून ते धरावे, डोळे मिटावे, हात सावकाश उचलावा, थांबावे आणि डोळे उघडावे. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मध्यभागी आली असेल तर मूठ आपली. ती डावीकडे, उजवीकडे किंवा वर चढलेली दिसली, तर मनगट वाकवून सरळ करण्याच्या फंदात पडू नये. ते पिस्तूल दुसऱ्याचे आहे असे समजून खाली ठेवावे. चापावर बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग यावा आणि बोट सरळ मागे यावे. तळहाताखालचा लाकडी टेकू वरखाली सरकणारा असावा, कारण वाढत्या वयाची मुले.

कोणत्या डोळ्याने नेम धरावयाचा हेही आधी पाहावे. आम्ही मुलीला अंगणात उभे करून चर्चच्या मनोऱ्यावरील क्रुसाकडे दोन्ही डोळे उघडे ठेवून बोट दाखवावयास सांगितले, मग आळीपाळीने एकेक डोळा झाकावयास लावला. ज्या डोळ्याने पाहताना बोट क्रुसावरच राहिले, तो तिचा नेमाचा डोळा. तिचा उजवा हात आणि उजवाच डोळा निघाला. तसे नसते तरी निराश होण्याचे कारण नव्हते. हंगेरीचा कारोली ताकाच हा सैनिक पिस्तुलाचा निष्णात नेमबाज होता. १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने आरंभापासून अभ्यास केला, आणि १९४८ साली लंडनला व १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले. हात बदलला तरी मनुष्य तोच असतो.

वजनाची गोष्ट आम्ही हलकी समजत होतो. नियमाने पिस्तूल १,५०० ग्रॅमपर्यंत असू शकते. केंद्रावर रशियातील इझेव्स्कचे एक जुने एका दाबाचे पिस्तूल होते. नेमाला अत्यंत चोख, पण सव्वा किलोच्या पुढे. पहिले दहा नेम मुलीने उत्तम धरले. विसाव्याला तिचा हात थरथरू लागला आणि तिसाव्याला ती पिस्तुलाला नव्हे, पिस्तूल तिला धरून आहे असे दिसू लागले. स्पेनमधील गामो कंपनीचे त्याच जातीचे पिस्तूल किलोहूनही हलके. त्याने तिचे गुण आरंभी कमी आले, परंतु साठावा नेम पहिल्यासारखाच पडला. शिक्षकांनी कौल दुसऱ्याला दिला.

चापाचेही तसेच. या स्पर्धेत चापाचा ओढ निदान ५०० ग्रॅम असावा लागतो. शिक्षक तेवढे वजन टांगून तपासतात. चांगल्या चापाला दोन टप्पे असतात. पहिला मोकळा येतो, मग बोटाला एक भिंत लागते. तेथे थांबून हळूहळू दाब वाढवावयाचा. हे टप्पे कमीजास्त करता येतील असा चाप हवा. रिकाम्या पिस्तुलाने चाप ओढण्याचा सराव करण्याची सोय असेल तर फारच उत्तम, कारण घरी, कोऱ्या भिंतीसमोर, एकही छर्रा खर्च न करता अर्धे शिक्षण होते. स्प्रिंगच्या पिस्तुलाला मात्र असा रिकामा बार सोसत नाही.

या सर्वांत आमच्या मनावर अधिक ठसली ती माशीची गोष्ट. शिक्षकांनी फळ्यावर गणित मांडले. खाच आणि माशी यांत ३२ सेंटिमीटरांचे अंतर धरा. माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला राहिली, तर दहा मीटरांवर छर्रा ३१ मिलिमीटर बाजूला जातो; दहाचे जेमतेम सात होतात. उलट, माशी खाचेत बरोबर आहे पण सारा हात मिलिमीटर-दोन मिलिमीटर हलतो आहे, तर छर्राही तेवढाच हलतो. म्हणून दृष्टी माशीवर ठेवावयाची. लक्ष्य अंधुक दिसले तरी चालेल. नवशिका नेमके उलटे करतो. दूरच्या काळ्या गोलाकडे टक लावतो आणि हाताजवळची चूक त्याला दिसत नाही.

हे ऐकत असताना आम्ही बाकावर बसलो होतो खरे, पण मन तेथे नव्हते. हाताजवळची चूक न पाहता दूर पाहत राहण्याचा अभ्यास आमच्याइतका कोणी केला होता?

आता ते सांगितलेच पाहिजे. आम्ही तेरा वर्षांचे होतो, बंधू नऊ वर्षांचा. मे महिन्यात आत्याच्या गावी गेलो असता आतेभावाची हवेची बंदूक हाती आली. मोठी माणसे निजली होती. आम्ही जांभ्या दगडाच्या गडग्यावर पत्र्याचा डबा मांडला. नेम चुकला, छर्रा दगडावर आपटून उलटला आणि बाजूला उभ्या असलेल्या बंधूच्या डोळ्याखाली कातडे फाडून गेला. अर्ध्या इंचाने डोळा वाचला. आम्ही रक्त पुसले आणि घरात सांगितले की, तो करवंदीच्या जाळीत पडला. बंधूने मान डोलाविली. सांगितले असताना जाळीत गेलास कशाला, म्हणून वडिलांनी त्यालाच छड्या मारल्या. आम्ही दारात उभे राहून पाहिले. पापनिवेदनात धर्मगुरूंच्या कानी हे पूर्वीच घातले होते. परंतु वडील वारले तोवर त्यांना सांगितले नाही, आणि बंधूपाशीही पुन्हा विषय काढला नाही.

मुलीच्या हातात पिस्तूल द्यावयाचे आणि ही गोष्ट दडवून ठेवावयाची, हे आता जमेना. एका रविवारी बंधूला जेवावयास बोलाविले. सुभेदारही होते. जेवण झाल्यावर सर्वांदेखत आम्ही सारे सांगितले. आमचा आवाज आम्हांलाच परका वाटला.

बंधू बराच वेळ सुपारी कातरीत राहिला. मग म्हणाला, "दादा, एवढी वर्षं हे उराशी धरून बसलास होय? छर्ऱ्याचं मी केव्हाच विसरलो." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "मार मात्र विसरलो नाही."

कोणी हसले नाही. आम्ही त्याच्यापुढे हात जोडले, त्याने ते खाली केले आणि पुतणीकडे वळून म्हणाला, "शीक बाई. पण गडग्यावर डबा मांडायचा नाही. कळलं?"

मंडळी आत गेल्या त्या डोळे पुसून बाहेर आल्या. म्हणाल्या, "जत्रेत का पळत होता ते आज कळलं." आणि आम्हांस आश्चर्य वाटले ते हे की, विरोध सोडून त्यांनी अटी घालण्यास आरंभ केला. कुलपाची पेटी हवी. तिची किल्ली त्यांच्या जुडग्यात राहील. छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या कपाटात, तिची किल्ली आमच्याकडे. म्हणजे दोघांची संमती असल्याशिवाय पिस्तूल भरले जाणार नाही. सुभेदार म्हणाले, "ताई, पलटणीच्या कोठारातसुद्धा इतका बंदोबस्त नसतो."

पिस्तूल घेतले ते नवे नव्हे. केंद्रावरील एका जुन्या नेमबाजाने टाकीचे पिस्तूल घेतल्यामुळे त्याचे हलके, एका दाबाचे पिस्तूल रिकामे पडले होते. तेच, दुभत्या म्हशीच्या किमतीत, रीतसर नोंद करून घेतले. मुलीच्या मैत्रिणींनी विजेवर चालणाऱ्या चापाची तारीफ केली होती. परंतु २०२१ साली टोकियोला ऐन पात्रता फेरीत मनू भाकरचे पिस्तूल बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि तिची अंतिम फेरी हुकली, हे आम्हांला ठाऊक होते. जगातल्या उत्तम नेमबाजावर जर हा प्रसंग येतो, तर जेथून शहर गाठावयास एसटीत तास मोडतो अशा गावात पहिले पिस्तूल साधे, आणि जवळपास दुरुस्त होणारे असलेले बरे. उरलेल्या पैशांत चांगले सपाट तोंडाचे छर्रे, डोळ्यांचे चष्मे आणि छर्रे अडविणारी लोखंडी पेटी आली. छर्रे घेताना दोन-तीन डब्यांतील थोडे थोडे झाडून पाहावे. एकेका नळीला एकेक छर्रा मानवतो.

घरचे नियम भिंतीवर लावले आहेत. पिस्तूल हाती घेतले की प्रथम उघडून पाहावयाचे, कोणी "रिकामे आहे" असे सांगितले तरी. नळीचे तोंड नेहमी लक्ष्याकडे. नेम धरला जाईपर्यंत बोट चापाबाहेर. दगड, पत्रा, बाटली यांवर नेम नाही. पाखरावर तर नाहीच. १९७२ च्या कायद्याने बहुतेक रानपाखरांना संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी आमच्या घरी ते चालले नसते. चष्म्यावाचून कोणी जवळ उभे राहावयाचे नाही. छर्रा तोंडात धरावयाचा नाही, आणि सराव झाल्यावर हात साबणाने धुवावयाचे, कारण शिसे पोटात जाणे वाईट.

तेव्हा ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. पिस्तूल शेवटी घ्यावे, आधी मुलाला केंद्रावर पाठवावे. ते मुलाच्या हाताने निवडावे, बापाच्या हौसेने नव्हे. दिसण्यापेक्षा मूठ, माशी आणि चाप पाहावा. आणि ते घरात येण्यापूर्वी घरातल्या माणसांना एकमेकांना जे सांगावयाचे असेल ते सांगून टाकावे.

गेल्या महिन्यात बंधू आमच्याबरोबर केंद्रावर आला होता. शिक्षकांनी त्याला एक नेम धरून पाहण्याचा आग्रह केला. तो उभा राहिला तेव्हा आम्ही पुढे होऊन त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा नीट बसला आहे की नाही ते दोनदा पाहिले. तो काही बोलला नाही. मागून मुलगी म्हणाली, "काका, लक्ष्याकडे नको, माशीकडे बघा."

त्याला चार गुण मिळाले. तो कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि घरी नेला.